चौदा पौंडांचा डबा

सोमवारी सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये लॅपटॉपची बॅग उजव्या खांद्यावर अडकवली आणि तोंडातून ‘आई गं!’ निघालं. शेजारच्या दोन गोऱ्या सहकाऱ्यांनी सभ्यपणे छताकडे पाहिलं. शर्टाच्या आत, कॉलरबोनच्या खाली, बशीएवढा डाग होता. रंग पिकलेल्या जांभळाचा. आणि हा डाग मी चक्क छप्पन्न पौंड मोजून विकत घेतला होता. चौदा पौंडांचा एक, असे काडतुसांचे चार डबे!

काडतुसं? हो, बंदुकीचीच. घाबरू नका, सगळं कायदेशीर आहे. सुरुवातीपासून सांगतो.

प्रोजेक्टसाठी मी इंग्लंडमध्ये वोकिंगला आलो, तेव्हा ‘फक्त सहा महिने’ असं ठरलं होतं. त्याला आता दीड वर्ष झालं. ऑनसाइट आलेल्या आपल्या मुलांचे वीकेंड कसे जातात ते ठाऊक असेलच तुम्हाला. शनिवारी लाँड्री आणि इंडियन स्टोअर, रविवारी कोणाच्या तरी घरी पोहे आणि ‘परत जायचं की राहायचं’ यावर तीच ती चर्चा. अशाच एका शुक्रवारी माझा टीमलीड, जन्माने आणि हाडाने सरेचा माणूस, म्हणाला, ‘उद्या काय करतोयस? क्ले शूटिंगला येतोस?’

मी खडकीत वाढलेला. फॅक्टरीच्या भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ लावलं जायचं. सख्खा मामा तिथल्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झाला. पण बंदूक हातात घ्यायचा योग काही आला नव्हता. (एनसीसीत होतो, पण माझ्या वाट्याला बँड आला.) त्यामुळे ‘येतो’ म्हणायला मला एक सेकंदही लागला नाही.

वोकिंगच्या पुढचंच स्टेशन ब्रुकवुड. लंडनहून यायचं तर वॉटर्लूला गाडीत बसा, पाऊण तासाच्या आत पोहोचता. स्टेशनच्या एका अंगाला ब्रुकवुडची अवाढव्य दफनभूमी आहे. तिच्यात पारशी मंडळींचा वेगळा भाग आहे आणि तिथे जमशेटजी टाटा विसावले आहेत. १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचं निधन झालं, दफन झालं ते इथे. स्टेशनपासून दीड-दोन मैलांवर बिस्ली कॅम्प. शनिवारी सकाळी प्लॅटफॉर्मवर उतरणाऱ्या माणसांकडे बघून कळतं कोण कुठे चाललंय. हातात फुलं असतील तर दफनभूमी, लांबोडकी बॅग असेल तर बिस्ली.

बिस्ली म्हणजे ब्रिटिश नेमबाजीची पंढरी. इथली नॅशनल रायफल असोसिएशन १८९० मध्ये विम्बल्डनहून इकडे आली आणि तेव्हापासून इथेच आहे. वाळूची जमीन, पाइनची झाडं, जांभळ्या फुलांचं हेदर आणि मधूनमधून लाकडी, व्हरांड्याचे, कौलारू क्लबहाउस. मला पहिल्यांदा वाटलं, अरे, हे तर आपलं माथेरान! मग लक्षात आलं की गणित उलटं आहे. साहेबाने आपल्याकडे जे बांधलं त्याचे सख्खे भाऊबंद इथे उभे आहेत. व्हरांड्यात आरामखुर्च्या, भिंतीवर ढाली आणि कप, आणि लांबून रायफलींचा आवाज, कोणीतरी फळीवर फळी आपटावी तसा.

आणखी एक गोष्ट टीमलीडला ठाऊक नव्हती, ती मी त्याला त्या दिवसात तीनदा सांगितली. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतली नेमबाजी मँचेस्टरला नाही, इथे बिस्लीत झाली. आमच्या मुंबईच्या अंजली भागवतने रायफलमध्ये इथे चार सुवर्णपदकं घेतली. आणि राज्यवर्धनसिंह राठोडने डबल ट्रॅपचं सुवर्ण, म्हणजे थेट शॉटगन आणि उडत्या तबकड्या! दोन वर्षांनी अथेन्सला ऑलिंपिक रौप्य मिळालं ते याच प्रकारात. (हा डबल ट्रॅप रिओनंतर ऑलिंपिकमधून काढून टाकला, याचं मला उगाचच वैयक्तिक दुःख आहे.)

आता ही तबकडी. नाव ‘क्ले’, पण आत माती नसते, डांबर आणि खडूची भुकटी असते. व्यास ११० मिलिमीटर, म्हणजे आपल्या चहाच्या बशीहून जरा लहान. वजन शंभर ग्रॅमच्या थोडं वर. पूर्वी श्रीमंत लोक पेटीतून जिवंत कबुतरं सोडून मारायचे. १८८० मध्ये अमेरिकेतल्या लिगोव्स्की नावाच्या गृहस्थांनी या तबकडीचं पेटंट घेतलं. ब्रिटनमध्ये कबुतरांवरच्या त्या खेळाला १९२१ मध्ये कायद्याने बंदी आली. भाषा मात्र बदलली नाही. तबकडी आजही ‘बर्ड’, फुटली की ‘किल’.

कायदा कडक आहे, पण नवख्याला एक फट ठेवलेली आहे. स्वतःची शॉटगन ठेवायची तर पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं. पोलीस घरी येतात, बंदुकीचं कपाट तपासतात, डॉक्टरकडूनही माहिती घेतात. पण पोलिसांनी मंजूर केलेल्या मैदानावर, ठरलेल्या वेळी, तबकड्यांवर नेम धरायला तुमच्यासारख्या-माझ्यासारख्याला सर्टिफिकेट लागत नाही. बंदूक त्यांची. काडतुसं तिथेच घ्यायची, तिथेच संपवायची.

पहिल्या पंचवीसमध्ये माझ्या सात फुटल्या. ‘पुल!’ असं ओरडायचं, तबकडी सुटते आणि तिच्या पुढे, जिथे काहीच नाही अशा ठिकाणी, गोळी झाडायची. सगळा खेळ या ‘पुढे’चा आहे. चाळीस यार्डांवरून आडवी जाणारी तबकडी असेल तर छरे तिथे पोहोचेपर्यंत ती दोन मीटरहून जास्त सरकलेली असते. मेंदू मानतच नाही. पण एकदा बरोबर जमलं, की आकाशात काळ्या धुळीचा एक ठिपका राहतो, तबकडी नसतेच. तो ठिपका बघितला आणि मी संपलो. पुढचे सगळे शनिवार बुक!

बिस्लीनंतर आम्ही टीमलीडच्या क्लबात जायला लागलो. हा क्लब म्हणजे एका शेतकऱ्याची टेकडी. पलीकडच्या कुरणात मेंढ्या, अलीकडे चिखल, दहा लाकडी पिंजरे आणि बेकन रोल विकणारी एक व्हॅन. (शाकाहारींसाठी एग रोल. म्हणजे पुण्याच्या व्याख्येत शाकाहारींसाठी काहीच नाही.) एका कोपऱ्यात काडतुसांची खोपटी.

या खोपटीतच माझं नुकसान झालं. मिठाईच्या दुकानासारखं फळीवर सगळं मांडलेलं असतं. लाल, निळी, हिरवी, काळी, पारदर्शक. पंचवीसचा एक डबा, दहा डब्यांचा खोका, त्याला इथे ‘स्लॅब’ म्हणतात. साधा डबा साडेआठ पौंड. भारी डबा चौदा. भारी डब्यावर सोनेरी अक्षरं, १५०० फूट प्रतिसेकंद असा वेग छापलेला आणि काडतुसाचा पितळी बूड साध्याच्या दुप्पट उंच. तुम्ही काय घेतलं असतं? माझा आधीचा स्कोअर शंभरात ५८ होता. महिन्याची क्लब स्पर्धा होती. म्हटलं, लावू या पैसे.

स्कोअर आला ४९. आणि वर ते जांभूळ.

त्या डागाने मला दोन रात्री कुशीवर झोपू दिलं नाही. पैशांपेक्षा एक वेगळीच गोष्ट टोचत होती. इथे आल्यापासून मी हेच करत होतो. धावायला सुरुवात करायच्या आधी शंभर पौंडांचे शूज. फोटोग्राफी करायच्या आधी लेन्स. तो कॅमेरा अजून कपाटात आहे. मग हेही तसंच का? की भारी काडतुसात खरंच काही असतं आणि मलाच ते वापरता आलं नाही? टेस्टिंगमध्ये सहा वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न अर्धवट सोडवत नाही.

क्लबातल्या कोचला विचारलं. साठीचा माणूस, बोलणं कमी. तो म्हणाला, ‘पुढच्या शनिवारी लवकर ये. दोन्ही डबे घे.’

पुढच्या शनिवारी साडेआठला टेकडीवर धुकं होतं आणि आम्ही दोघंच होतो. टेस्ट साधी होती. बंदुकीत काडतुसं तो भरणार, मी बघायचं नाही. पन्नास साधी, पन्नास भारी, क्रम फक्त त्याच्या वहीत. तबकड्या त्याच, वीस-पंचवीस यार्डांवरच्या. निकाल: साध्या काडतुसांवर ३१ फुटल्या, भारीवर ३०. मला वाटलं तो हसेल. हसला नाही. ‘आता खरी गंमत बघ,’ म्हणाला आणि आणखी दहा वेळा बंदूक भरून दिली. चौथ्या वेळी मी चाप ओढला तर नुसतं ‘टक्’ झालं. त्याने न सांगता डमी भरली होती. आवाज नाही, धक्का नाही, पण बंदुकीची नळी मात्र खाली गेली. चांगली वीतभर. म्हणजे धक्का यायच्या आधीच माझं अंग त्याला घाबरून बंदूक खाली दाबत होतं. छप्पन्न पौंडांच्या काडतुसांनी मला शिकवलेली ही एकमेव गोष्ट.

कारण उघड आहे. छऱ्यांचं वजन तेवढंच आणि वेग जास्त, म्हणजे खांद्यावर धक्का जास्त. आणि त्या जास्त वेगाने मिळतं काय? मी नंतर एक्सेलमध्ये मांडून पाहिलं. १४०० आणि १५०० फुटांच्या काडतुसांत चाळीस यार्डांपर्यंत पोहोचायला साधारण पाच हजारांश सेकंदांचा फरक पडतो. गोल छरा हवेत लवकर दमतो आणि जितक्या जोरात सुटतो तितका जास्त दमतो. पासष्ट किलोमीटरच्या वेगाने जाणारी तबकडी तेवढ्या वेळात सरकते नऊएक सेंटीमीटर. एका तबकडीच्या रुंदीहूनही कमी. आणि मी चुकत होतो यार्डभराने!

पण भारी डबा म्हणजे निव्वळ लूट, असं म्हणून मोकळं होता येत नाही. ते दाखवायला कोचने मला पॅटर्न प्लेटपाशी नेलं. ही चुन्याने रंगवलेली लोखंडी पाटी. चाळीस यार्डांवरून तिच्यावर एक बार टाकायचा आणि तीस इंचांच्या वर्तुळात किती छरे बसले ते मोजायचे. माझ्या काडतुसात २८ ग्रॅम छरे, साडेसात नंबरचे, म्हणजे जवळजवळ चारशे. मी फोनवर फोटो काढून एकेक ठिपका मार्क केला (टेस्टर, सांगितलं ना). साधं काडतूस: वर्तुळात २१९. भारी: २३८. एकेकच बार, त्यामुळे हे काही संशोधन नव्हे. पण कोच म्हणाला, त्याने आजवर बघितलेलं याच दिशेने जातं.

यामागचं कारण शिशात आहे. शिसं मऊ. बार उडताना छरे एकमेकांवर दाबले जातात, चेपतात, आणि चेपलेला छरा भरकटतो. भारी काडतुसात शिशात अँटिमनी जास्त घालतात, छरे कडक होतात, गोल राहतात, एकत्र जातात. म्हणजे जादा पैसे खरंच कशासाठी तरी आहेत. प्रश्न एवढाच, की ते १९ छरे कोणाच्या कामाचे? समोरून पूर्ण दिसणारी तबकडी असेल तर त्या अंतरावरही सरासरी चार-पाच छरे लागतात. साधं काय, भारी काय, फुटते. पण तीच तबकडी कडेने, चाकूच्या पात्यासारखी जात असेल तर सरासरी जेमतेम एक-दीड छरा वाट्याला येतो. तिथे एकेक छरा मोलाचा. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये तर सगळ्यांनाच २४ ग्रॅमची मर्यादा आहे आणि पात्रता फेरीच्या १२५ तबकड्यांत एका तबकडीने माणूस घरी जातो. त्या माणसाने चौदाचा डबा घ्यावा. बिनधास्त घ्यावा. शंभरात नव्वद फोडणाऱ्याने लांबच्या तबकड्यांसाठी एखादा डबा वेगळा ठेवावा. ५८ वाल्याने घेऊ नये.

कोचने मला दिलं ते खोपटीतलं सगळ्यात कंटाळवाणं काडतूस. २४ ग्रॅम, सौम्य वेग, पॅकिंगवर काहीही नाही. आणि फायबर वॉडचं. वॉड म्हणजे दारू आणि छऱ्यांच्या मधलं बूच. प्लॅस्टिकचं बूच छऱ्यांना सांभाळून नेतं, पण शेतात पडून राहतं आणि मेंढ्यांच्या तोंडात जातं. म्हणून अशा बऱ्याच मैदानांवर फायबरच चालतं.

खोपटीतल्या गप्पांचा विषय मात्र सध्या वेगळाच असतो. शिशाच्या छऱ्यांवर २०२९ पासून बंदी आणण्याचं ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं. पुढे पोलाद. पोलाद मुळातच कडक, चेपत नाही, म्हणजे अँटिमनीचा मुद्दाच निकालात. पण हलकं, म्हणून वेग लवकर हरवतं. जुन्या बंदुका घेऊन बसलेली म्हातारी मंडळी यावर तासन्‌तास बोलू शकतात. बोलतातच.

त्या रात्री मामाला फोन लावला. खडकीच्या कारखान्यात बाराबोरची काडतुसंही बनतात, तेव्हा घरच्या तज्ज्ञाचं मत घ्यायलाच हवं.

‘मामा, एक विचारू? काडतूस चांगलं की वाईट, हे तुम्ही कशावरून ठरवायचा?’

‘अरे, एक काडतूस चांगलं निघालं त्याचं कौतुक नसतं. पंचविसावं पहिल्यासारखं निघालं पाहिजे. दारू मापात, छरे मापात, तोंड नीट वळलेलं. बस. पण तू कशाला विचारतोयस? केवढ्याला पडतं तिकडे एक?’

‘भारीतलं पासष्टेक रुपयांना. साधं चाळीसच्या आसपास.’

पलीकडे शांतता. मग, ‘आणि तू एका दिवसात उडवलीस किती?’

‘शंभर.’

‘म्हणजे साडेसहा हजारांचा धूर! तुझ्या आईला माहितीय?’

आईला माहीत नाही. म्हणून माझं नाव या लेखावर छापू नका, असं मी संपादकांना कळवलं आहे.

पुढचा हिशोब मात्र मामाला आवडला असता. शंभर काडतुसांमागे साध्या आणि भारीत बावीस पौंड वाचतात. तीन शनिवारांचे सहासष्ट. एवढ्यात कोचचा एक तास येतो. मी तो घेतला, दोनदा घेतला. पहिल्या तासात त्याने मला अर्धा वेळ फक्त रिकामी बंदूक खांद्याला लावायला लावली, दुसऱ्यात तबकडीकडे बघायला शिकवलं, बंदुकीकडे नाही. ऐकायला बावळट वाटतं, पण इतके दिवस मी नळीच्या टोकाकडे बघत होतो.

ऑक्टोबरच्या स्पर्धेत पाऊस होता. आडवा, सरेचा, कॉलरमधून आत शिरणारा. चाळीस यार्डांवरच्या त्या कडेने जाणाऱ्या तबकड्यांवर माझ्या दहापैकी दोन फुटल्या. तिथे साध्या काडतुसाला दोष द्यायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? एकूण ६४. टीमलीडच्या ८१. तो अजून चौदाचा डबाच घेतो. मी त्याला पॅटर्न प्लेटचे फोटो दाखवले, एक्सेल दाखवलं. त्याने सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाला, ‘असेल. पण खिशात ही असली की मला बरं वाटतं.’ ८१ वाल्याशी काय वाद घालणार?

जाताना पिंजऱ्यापाशी पडलेल्या रिकाम्या पुंगळ्यांतून मी दोन उचलल्या. एक साधी, एक भारी. ओलसर, अजून दारूचा वास असलेल्या. घरी येऊन मामाला फोन केला, ‘दिवाळीला येतोय. तुमच्यासाठी दोन पुंगळ्या आणतो.’

‘वेड लागलंय का तुला? बॅगेत रिकामी पुंगळी सापडली तरी एअरपोर्टवर पोलीस बसवून ठेवतात. फोटो पाठव. बुडाची बाजू नीट दिसू दे.’

पाठवला. भारी काडतुसाचा तो उंच, झळझळीत पितळी बूड, खिडकीच्या उजेडात, अगदी प्रॉडक्ट शूटसारखा. त्याच्या कडेला टेकडीवरच्या चिखलात पडून एक तांबूस ठिपका आला होता, तो मला दिसलाच नव्हता.

मामाचा मेसेज पाच मिनिटांत आला. ‘गंजलंय बघ. पितळ नाही ते. लोखंड आहे, वरून मुलामा.’